बुरुजाचा खर्च

रविवार, रात्रीचे अडीच

आईची चादर बदलून आत्ताच टेकलोय. झोप उडाली आहे, म्हणून वही काढली.

आज वायल्डर चर्चमध्ये पाळकसाहेबांनी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 14 वा अध्याय घेतला. बुरूज बांधायचा तर आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, हे वचन मला लहानपणापासून पाठ आहे. त्याच्या जरा आधी आईबाप, बायको, मुलं यांच्यापेक्षाही प्रभू पहिला, हे येतं. गेली कित्येक वर्षं मी त्याच ओळीचा आधार घेत आलो.

मंडळीतले एक आजोबा खुब्याचं हाड मोडून सीपीआर रुग्णालयात आहेत. मुलगा परगावी. सलग चार रात्री मीच त्यांच्याजवळ होतो. चमच्याने पेज भरवायची, कुशीवर वळवायचं, पहाटे तोंड पुसायचं. त्यांचा थरथरता हात माझ्या मनगटावर असायचा आणि मला वाटायचं, हाच माझा वधस्तंभ. प्रत्येक वेळी निघताना ही म्हणायची, "जावा तुम्ही, आईंचं मी बघते."

काल सकाळी घरी आलो तर ही स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली. परातीत पीठ तसंच, बोटांवर कणीक वाळलेली. आई रात्री तीन-तीनदा उठते, कुठं आहोत हे तिला कळत नाही. चार रात्री हे हिने एकटीने काढलं आणि सकाळी परत शाळेत शिकवायला गेली. मंडळीत लोक माझं कौतुक करत होते.

दुपारी मार्कचा 7 वा अध्याय उघडला. तुम्हाला जे द्यायचं ते मी देवाला वाहिलं, कुर्बान केलं, असं आईबापांना सांगून मोकळं होणाऱ्यांना येशूने तिथे चांगलंच सुनावलंय. हा उतारा मी किती जणांना समजावून सांगितला असेल! स्वतःला कधी लावला नाही. आणि वधस्तंभावर टांगलेल्या अवस्थेतही त्याने आपल्या आईला शिष्याच्या हवाली केलं. त्या घटकेलासुद्धा ती त्याच्या ध्यानात होती.

लक्ष्मीबाई टिळकांची फार आठवण झाली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांनी जात, नातीगोती सोडली, ते खरंच मोठं होतं. पण लहानगा दत्तू पदरात घेऊन ती बाई वर्षानुवर्षं नवऱ्यापासून दूर राहिली, लोकांचं बोलणं सोसलं. ख्रिस्ताला तिने स्वतः स्वीकारलं ते 1900 मध्ये. तोवर जी किंमत तिने मोजली, ती तिच्या निर्णयाची नव्हतीच. टिळकांवर बोलताना आम्ही हे भरभर उरकतो.

आत्मत्याग करावा, यात मला तिळमात्र शंका नाही. आजोबांकडे पुन्हा जाणारच आहे. पण माझ्या त्यागाचे पैसे हिच्या बटव्यातून जात होते, आणि मी तिला विचारलंही नव्हतं.

येशूने आपापला वधस्तंभ 'दररोज' उचलायला सांगितलं, असं फक्त लूकने लिहिलंय. मत्तय आणि मार्क यांच्यात तो शब्द नाही.

संध्याकाळी युवक मंडळातल्या दोन पोरांना फोन केला. आज त्यातला एक सीपीआरला आहे. हिला म्हटलं, आज आईजवळ मी. ती काही बोलली नाही, नुसती बघत राहिली. नऊलाच झोपली.

दोनला आई उठली. चादर ओली होती. मला बघून म्हणाली, "तुम्ही कोण?"