विसर्जनाच्या दिवशीची सरळ रेषा

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या पेठांमधल्या रुग्णालयात कामाला यायचे असेल, तर आदल्या रात्रीच डबा आणि बदलायचे कपडे घेऊन मुक्कामाला यावे लागते. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता, कुमठेकर रस्ता आणि टिळक रस्ता वाहनांना बंद असतात, मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबते आणि पुढच्या पाळीची माणसे वेळेवर पोहोचतील याचा भरवसा नसतो. काही वर्षांपूर्वीच्या त्या विसर्जनाला आमच्या कॅज्युअल्टीत मी, दोन सिस्टर आणि वॉर्डातले मामा असे चौघे होतो. दुपारपर्यंत नेहमीचेच रुग्ण आले: गर्दीत घेरी आलेल्या मुली, ढोल वाजवून बोटांची सालटी निघालेले वादक, डोळ्यांत गुलाल गेलेली लहान मुले. बाहेरच्या दणक्याने खिडक्यांच्या काचा थरथरत होत्या आणि स्टेथोस्कोपमधून छातीतले काही ऐकू येईल ही आशा मी सकाळीच सोडून दिली होती.

तीनच्या सुमारास ढोलपथकातल्या चार मुलांनी एका आजोबांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून, गर्दीतून वाट काढत उचलून आणले. वय सत्तरीच्या आसपास, अंगात सणाचा पांढरा, पूर्ण बाह्यांचा सदरा. बरोबर नातू होता, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेला. ‘सकाळपासून पायांत जीव नाही म्हणतायत, आता बोलतही नाहीयेत,’ एवढेच त्याने सांगितले. आजोबांना पलंगावर घेतले, सदऱ्याची बटणे तोडून छातीला डिफिब्रिलेटरचे, म्हणजे विजेचा झटका देणाऱ्या यंत्राचे, पॅड चिकटवले आणि मॉनिटरकडे पाहिले, तेव्हा पडद्यावर अतिशय संथ, रुंद अशा लाटा सरकत होत्या. चार-पाच लाटा गेल्या असतील, तोच पडदा सपाट झाला. मानेतल्या नाडीवर बोटे ठेवली. नाडी नव्हती.

मामांनी छाती दाबायला सुरुवात केली. मिनिटाला 100 ते 120 या वेगाने, प्रत्येक वेळी किमान 5 सेंटिमीटर छाती खाली जाईल इतक्या जोराने दाबायचे, हे त्यांना माझ्याइतकेच चांगले ठाऊक होते. पण बाहेर पथकाचा ठेका चढत चालला होता आणि नकळत मामांचे हात त्या ठेक्यावर पळू लागले. ‘मामा, ढोल ऐकू नका, माझं ऐका,’ असे म्हणून मी मोठ्याने आकडे मोजू लागले. एवढ्यात पलंगाभोवतीच्या पडद्यामागून नातवाचा आवाज आला, ‘मॅडम, सरळ रेषा आली आहे! शॉक द्या ना! कशाची वाट बघताय?’

त्याला उत्तर द्यायला वेळ नव्हता. सपाट रेषेला शॉक द्यायचा नसतो, हे मला माहीत होते. माहीत नव्हते ते रेषा सपाट का झाली हे. माझ्या डोक्यात हृदयविकाराचा झटका पक्का बसला होता. सत्तरीचे गृहस्थ, गर्दी, उकाडा, दगदग, असा सगळा हिशेब मी मनाशी जुळवून टाकला होता आणि त्या रुंद लाटा पाहूनही दुसरी शंका मला आली नव्हती. श्वासनलिकेत नळी घातली, ॲड्रेनलिन 1 मिलिग्रॅम द्या म्हणाले. उजव्या हाताला लावलेली सुई त्याच वेळी निसटली, म्हणून मोठ्या सिस्टर डाव्या बाजूला गेल्या. त्यांनी सदऱ्याची बाही वर सरकवली आणि थांबल्या.

‘मॅडम, या हाताला सुई नको. फिस्चुला आहे.’

मनगटाच्या वर दोरखंडासारखी फुगलेली शीर होती आणि तिच्यावर वर्षानुवर्षे टोचलेल्या सुयांचे व्रण होते. डायलिसिसच्या रुग्णाच्या हातातली रोहिणी आणि नीला शस्त्रक्रियेने एकमेकींना जोडतात, तो हा फिस्चुला. त्यावर बोटे ठेवली की आत मांजर गुरगुरत असल्यासारखी थरथर जाणवते. सिस्टरांनी बोटे ठेवली आणि मान हलवली. गुरगुर बंद होती.

‘डायलिसिस कधी झालं?’ मी ओरडून विचारले.

‘चार दिवस झाले. आज होतं, पण रस्ते बंद म्हणून उद्याची वेळ घेतली,’ नातू म्हणाला.

पुढचे मग सरळ होते. मूत्रपिंडे निकामी झालेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साचत जाते. ते वाढले की ईसीजीवर आधी टी-लाटा तंबूसारख्या टोकदार होतात, मग पी-लाट नाहीशी होते, पुढचा भाग रुंद होत जातो आणि शेवटी हृदय थांबते. मी पाहिलेल्या त्या चार-पाच लाटा याच प्रवासाचा शेवटचा टप्पा होता. धाकट्या सिस्टरांनी कोपराच्या पुढे उजव्या हाताला नवी शीर शोधली. कॅल्शियम ग्लुकोनेटच्या तीन ॲम्प्यूल दिल्या, मध्ये सलाइनने शिरेला लावलेली नळी धुतली (नाहीतर कॅल्शियम आणि सोडाबायकार्ब नळीतच एकत्र येऊन खडूसारखे साचतात), मग सोडाबायकार्ब आणि ग्लुकोजबरोबर इन्सुलिन. दर दोन मिनिटांनी मी आणि मामा जागा बदलत होतो. एकदा माझ्या तळव्याखाली बरगडी मोडल्याचा आवाज आला आणि मी थांबले नाही.

अकराव्या मिनिटाला पडद्यावर पुन्हा लाटा आल्या. पहिल्यांदा पसरट, मग हळूहळू आवळत गेलेल्या. मी मानेला हात लावण्याआधीच मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ‘लागतेय, गुरगुर लागतेय.’ फिस्चुलावरची बोटे त्यांनी मधल्या काळात उचललीच नव्हती. ब्लड गॅसच्या यंत्राने थोड्याच वेळात पोटॅशियमचा आकडा दिला: 8.1. साधारण 5 च्या वर गेला तर आम्ही सावध होतो. घरी जायला रस्ता नाही म्हणून डायलिसिसचा तंत्रज्ञ सुदैवाने दुसऱ्या मजल्यावरच अडकून पडलेला होता. तासाभरात आजोबांचे डायलिसिस सुरू झाले.

नातू बाहेरच्या बाकावर बसला होता. मी शेजारी बसले, तेव्हा त्याने पहिला प्रश्न तोच विचारला. ‘तुम्ही शॉक का नाही दिला? मालिकांमध्ये तर लगेच देतात.’ मी सांगितले की विजेचा झटका बंद पडलेले हृदय सुरू करत नाही. हृदय बेताल थरथरत असते, तेव्हा ती थरथर एका क्षणात थोपवून त्याला आपला ताल पुन्हा धरू द्यावा, यासाठी तो असतो. जिथे थरथरच उरलेली नाही, तिथे थोपवायचे काय? त्याने मान डोलावली, पण त्याचे समाधान झालेले दिसले नाही. तो एक अमेरिकी रुग्णालयमालिका ओळीने बघत आलेला होता. मला हसू आले, कारण हॉस्टेलमध्ये पेनड्राइव्हवर फिरणारा ‘ईआर’चा पहिला सीझन मीही असाच रात्री जागून संपवला होता.

ही मालिका 1994 ते 2009 अशी पंधरा सीझन चालली, आणि तिच्या पहिल्या भागाचे कथानक मायकेल क्रायटन यांनी त्याच्या वीस वर्षे आधी लिहून ठेवले होते. त्याच पहिल्या सीझनचे सगळे भाग, शिवाय ‘शिकागो होप’ आणि ‘रेस्क्यू 911’ या कार्यक्रमांचे भाग पाहून काही डॉक्टरांनी 1996 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एक लेख लिहिला. पडद्यावर छाती दाबून जीव वाचवण्याचे 60 प्रसंग त्यांनी मोजले, त्यांत 75 टक्के रुग्ण त्या क्षणी वाचले होते आणि 67 टक्के बरे होऊन घरी जाताना दिसत होते. प्रत्यक्षात रुग्णालयातच हृदय बंद पडलेल्या प्रौढांपैकी चारातला जेमतेम एक घरी जातो, तोही चांगल्या सोयी असलेल्या ठिकाणी. पडद्यावरचे नट तर कोपरात हात वाकवून दाबतात, कारण खाली झोपलेला माणूस जिवंत असतो. खऱ्या कामात कोपरे ताठ ठेवावी लागतात आणि बरगड्या मोडतात.

तरीही त्या सीझनमधला एक भाग मी विसरलेली नाही. त्यात डॉ. मार्क ग्रीन एका गरोदर बाईला लघवीचा जंतुसंसर्ग आहे असे समजून औषध देतात. तिला नंतर आकडीचे झटके येतात आणि पुढे एकातून एक चूक वाढत जाऊन बाळ वाचते, बाई दगावते. त्या भागाचे लेखक लान्स जेंटील स्वतः आपत्कालीन विभागातले डॉक्टर होते आणि ते पाहताना जाणवतेच. त्या संध्याकाळी बाकावर बसून मला तोच भाग आठवत होता. माझ्यासमोर पूर्ण बाहीचा सदरा होता आणि ती बाही वर करून पाहण्याचे मला सुचले नव्हते. सिस्टरांना सुईसाठी दुसरी शीर सापडली असती, तर आम्ही आणखी किती मिनिटे हृदयविकाराचा झटकाच धरून बसलो असतो, हे मी मनाशी मोजायचे टाळत होते.

नातवाने एकदम विचारले, ‘शहाळ्यात पोटॅशियम असतं का?’

मी लगेच उत्तर दिले नाही. आपल्याकडे आजारी माणसाला भेटायला जाताना शहाळे नेणे हा केवढा शिष्टाचार आहे, हे कोणी कोणाला सांगायला नको. आमच्या वॉर्डातही कॉटखाली ती रचून ठेवलेली असतात. सकाळी आजोबांना गळून गेल्यासारखे वाटत होते, म्हणून त्याने कोपऱ्यावरून दोन शहाळी आणली होती. वर प्रसादाची केळीही त्यांनी खाल्ली होती. खोटे बोलणे मला जमले नसते आणि खरे अर्धवट सोडले असते, तर त्याने ते मोबाइलवर शोधलेच असते. ‘असतं,’ मी म्हणाले. ‘पण चार दिवसांचं साठलेलं होतं. आणि त्यांना चालतं काय नि चालत नाही काय, हे घरातल्या सगळ्यांना बसवून समजावून सांगणं हे आमच्या लोकांचं काम होतं.’ तो काही बोलला नाही. खाली ताशा कडाडत होता आणि दोघांनाही गप्प राहायला ते सोयीचे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळी काढल्यावर मी आजोबांना पाहायला गेले. आवाज फुटत नव्हता. छाती दुखते म्हणून त्यांनी खुणेने दाखवले. मी दोन बरगड्यांचा हिशेब दिला. मग त्यांनी मला जवळ बोलावून घोगऱ्या आवाजात विचारले, ‘मानाचे पाचही गेले का?’

‘सगळे गेले, आबा,’ नातू म्हणाला. त्याची दोन बोटे आजोबांच्या डाव्या मनगटाच्या वर, सिस्टरांनी रात्री दाखवून दिलेल्या जागेवर होती.