तुम्ही विचारलंत म्हणून: रानतुळशीचं तेल जखमेवर लावू का?

एकदा सोसायटीत बोलून गेलो की रानतुळशीच्या तेलाने जंतू मरतात, तेव्हापासून पांडवलेणीच्या पायऱ्यांवर कोणी ओळखीचं भेटलं की हाच प्रश्न. शेजारच्या काकू तर बाटलीच मागतात.

आधी एक, ही आपल्या वृंदावनातली तुळस नव्हे. मूळची अमेरिकेतली, पावसाळा संपता संपता डोंगरउतारावर नुसती माजते, बारीक जांभळट फुलं, पाय घासला तरी पँटला वास. बी भिजवलं की सब्जासारखं फुगतं.

तेल काढायला पानं पाण्यात घालून क्लेव्हेंजरवर, म्हणजे वाफेतून तेल वेगळं करायच्या काचेच्या उपकरणावर, तीनेक तास उकळायची, वाफेबरोबर तेल येतं आणि पाण्यावर तरंगतं. पहिल्या वेळी मी पानं प्लास्टिकच्या पिशवीत कोंबून दिवसभर डिकीत ठेवली, संध्याकाळी नुसता काळा लगदा! सावलीत पसरायची असतात हे तेव्हा कळलं. आणि एवढं करून हातात काय, तर मोजके थेंब.

पण त्या थेंबांत जीसी-एमएसवर, म्हणजे मिश्रणातले पदार्थ वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, डझनावारी पदार्थ दिसतात. सिनिओल, म्हणजे निलगिरीच्या तेलातलं मुख्य द्रव्य, मग सॅबिनीन, मग मिरी-लवंगेतलं कॅरिओफिलीन. गंमत अशी की एका ठिकाणच्या झाडात सिनिओल जास्त तर दुसरीकडच्यात सॅबिनीन, जागा बदलली, महिना बदलला की प्रमाण बदलतं, मग काकूंच्या बाटलीत नक्की काय भरलंय हे मी कशाच्या जोरावर सांगू?

आता जंतू. अगारवर, म्हणजे जंतू वाढवायच्या जेलीवर, जंतू पसरायचे, तेलाची कागदी चकती ठेवायची, दुसऱ्या दिवशी भोवती मोकळं वर्तुळ दिसलं की सगळे खूश. मीही झालो होतो. पण तेल पाण्यात विरघळत नाही त्यामुळे अगारमध्ये नीट पसरत नाही, वर उडूनही जातं, म्हणून नुसत्या वर्तुळाच्या मापावर विश्वास ठेवू नये, कमीत कमी किती तेलाने वाढ थांबते हे द्रवात वेगळं बघावं लागतं. त्यातून जंतूही सारखे नसतात: स्टॅफिलोकॉकस जरा लवकर नमतो, स्युडोमोनास नावाच्या दुसऱ्या जंतूला बाहेरून आणखी एक आवरण असतं, तो बहुतेक तेलांना दाद देत नाही. आणि जखमेत दोघंही असू शकतात.

शिवाय असं तेल नुसतं लावलं तर कातडीची आग होते ती वेगळीच. काकूंना म्हटलं, जखम साबण-पाण्याने धुवा, खोल असेल तर डॉक्टरकडे जा. त्या म्हणाल्या, "मग एवढं उकळतोस कशाला रे?"