हेल लेट लूज: नेम चांगला असूनही मॅच का हरता?

स्कोअरबोर्डवर वीस-पंचवीस किल, आणि मॅच मात्र ०-५. हेल लेट लूज या दुसऱ्या महायुद्धावरच्या ऑनलाइन गेममध्ये हे रोज घडतं. कारण शोधायला बंदुकीकडे बघू नका, नकाशा उघडा. तुमच्या टीमची गॅरिसन (मेलेले खेळाडू जिथून परत मैदानात येतात ती ठिकाणं) किती आहेत आणि कुठे आहेत, ते मोजा. मेलेला माणूस किती लवकर आणि कुठून परत येतो, यावर ही गेम चालते. बाकी सगळं त्यानंतर.

आधी अंतरांचा हिशोब समजून घ्या. प्रत्येक बाजूला ५० खेळाडू असतात आणि नकाशा साधारण २ किलोमीटर गुणिले २ किलोमीटरचा. त्यावर २०० मीटरचे चौकोन आखलेले असतात आणि प्रत्येक चौकोनात कीपॅडसारखे नऊ भाग. म्हणजे "ई ५, कीपॅड ७" असं सांगितलं की जागा ६०-७० मीटरच्या आत कळते. वॉरफेअर या मोडमध्ये पाच सेक्टर (नकाशाचे पट्टे) असतात, मॅच ९० मिनिटांची, आणि सुरुवातीची मारामारी मधल्या सेक्टरसाठी. हेडक्वार्टर्स नकाशाच्या टोकाला. तिथून मध्यापर्यंत चालत यायचं तर जवळपास किलोमीटरभर पायपीट, दमसासाचा बार संपत-भरत. पोहोचल्यावर एक गोळी लागते आणि पुन्हा तीच पायपीट. गॅरिसन नसलेली टीम कागदावर ५० जणांची असते, पॉइंटवर, म्हणजे सेक्टरमधल्या काबीज करायच्या जागेवर, मात्र एका वेळी जेमतेम पंधरा जण लढत असतात.

म्हणून पहिल्या पाच मिनिटांतच मॅचचा कल ठरतो. सगळे ट्रान्सपोर्ट ट्रकमध्ये उड्या मारून निघून जातात आणि सप्लाय ट्रक हेडक्वार्टर्सला तसाच उभा राहतो, ही सगळ्यात नेहमीची चूक. एका स्क्वाड लीडरने (सहा जणांच्या तुकडीच्या प्रमुखाने) तो ट्रक घ्यायचा, मधल्या पॉइंटच्या अलीकडे झाडीत पेट्या टाकायच्या आणि खिशातलं घड्याळ (गेममध्ये गॅरिसन लावायचं साधन) काढून गॅरिसन लावायचं. आपल्या हद्दीत एका गॅरिसनला ५० सप्लाय लागतात. ते लावायचा अधिकार स्क्वाड लीडर आणि कमांडर यांनाच, त्यामुळे साध्या रायफलमनने पेटीजवळ कितीही वेळ उभं राहून उपयोग नाही. दोन गॅरिसनमध्ये किमान २०० मीटर अंतर हवं, म्हणजे बरोबर एक चौकोन. पूर्ण टीमची मर्यादा आठ. आठ ऐकायला भरपूर वाटतात, पण जुनी, निरुपयोगी झालेली गॅरिसन मागे पडून राहतात आणि नवं लावायची वेळ आली की जागाच उरलेली नसते. अधूनमधून मागे जाऊन ती मोडणं हे कुणालाच आवडत नसलेलं, पण फार उपयोगी काम आहे.

कुठे लावायचं? पॉइंटच्या वर्तुळात, चर्चच्या भिंतीला टेकून, अजिबात नको. तोफखान्याचा पहिला मारा तिथेच पडतो, आणि शत्रू जवळ आला की गॅरिसन लॉक होतं. म्हणजे सगळ्यात गरज असते नेमकं तेव्हाच ते बंद. एक पॉइंटच्या मागे साधारण एका चौकोनावर, एक डाव्या किंवा उजव्या अंगाला, आणि तिसरं आणखी मागे राखीव, अशी मांडणी ठेवा. तीनही एका रांगेत ठेवलीत तर बाजूने वळसा घालून येणारा एकच स्क्वाड तीनही उपटून जातो.

ओपी, म्हणजे आउटपोस्ट, हेही परत येण्याचं ठिकाणच, पण वेगळं प्रकरण. त्याला सप्लाय लागत नाही, ते फक्त तुमच्या स्क्वाडसाठी असतं, आणि नवीन लावलं की जुनं जातं. शत्रू अगदी अंगावर आला तर ते आपोआप नष्ट होतं. ते दर काही मिनिटांनी पुढे-मागे सरकवत राहायचं असतं. बरेच लीडर एकदा ओपी लावतात आणि स्नायपरसारखे खिडकीत बसतात. सहाजणांचा स्क्वाड अशाने दहा मिनिटांत विखुरतो. लीडरचं काम जिवंत राहणं हे आहे. तो तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर चालला तर चालेल, सगळ्यात पुढे नको.

सपोर्ट हा रोल कोणी घेत नाही आणि तिथेच घोळ होतो. सपोर्टची पेटी म्हणजेच गॅरिसनचे ५० सप्लाय, तेही ट्रकशिवाय. लीडर आणि सपोर्ट दोघे जोडीने फिरले तर कुठेही, अगदी कुंपणाआड, झटपट गॅरिसन उभं राहतं. पण सपोर्टवाला आधीच कुठेतरी पेटी फेकून मोकळा झाला असेल तर जोडी व्यर्थ. "मी सांगेपर्यंत पेटी टाकू नकोस" हे वाक्य सुरुवातीलाच माइकवर बोलून टाका.

बोलण्याचे तीन चॅनल आहेत: जवळच्यांसाठी प्रॉक्सिमिटी, स्क्वाडचा, आणि लीडर-कमांडरचा. लीडरच्या कानात तीनही एकदम वाजतात, म्हणून बोलणं आखूड ठेवा. दिशा (होकायंत्राचे अंश), अंतर, काय (एमजी म्हणजे मशीनगन). "२४०, शंभर मीटर, एमजी, दगडी घर, वरची खिडकी." झालं. "अरे तिकडे आहे, तिकडे, त्या झाडापाशी" याने कोणाचंच भलं होत नाही. झाडं नकाशात हजार आहेत.

स्मोक, म्हणजे धुराच्या ग्रेनेडबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. लोक तो स्वतःच्या पायाशी टाकतात आणि धुरातून बाहेर येताना एकेक करून मरतात. धूर शत्रूच्या डोळ्यांसमोर हवा. एमजी ज्या खिडकीत आहे तिच्यासमोर एक, तुमच्या वाटेच्या उघड्या बाजूला दुसरा, आणि धूर दाट होईपर्यंत थांबा. तेवढ्यात तुमच्या एमजीवाल्याने बायपॉड (बंदुकीचे दोन पाय) टेकवून त्या खिडकीवर सतत मारा करायचा. गोळी लागलीच पाहिजे असं नाही. जवळून गोळ्या गेल्या की समोरच्याची नजर धूसर होते आणि नेम लागत नाही, तेवढ्यात तुम्ही रस्ता ओलांडता. गोळ्या संपल्या तर रायफलमनकडे ॲम्युनिशन बॉक्स असतो. तो मागायला लाजू नका.

पॉइंट घेताना पूर्ण सेक्टरमधली माणसं मोजली जातात, पण मधल्या वर्तुळातल्या माणसाचं वजन जास्त. म्हणून बाहेरून छान निशाणे साधणारे दहा जण आत दडून बसलेल्या पाचांसमोर हरू शकतात. बचावात निदान एक पूर्ण स्क्वाड वर्तुळात बसलेला हवा. कंटाळवाणं काम आहे, मान्य. ते कोणी करत नाही म्हणूनच रिकामे पॉइंट जातात.

तोफखान्याला मात्र हिशोब लागतो. अमेरिकन आणि जर्मन तोफांची पल्ल्याची मर्यादा १०० ते १६०० मीटर. १०० मीटरला ९७८ मिल (तोफेचा कोन मोजायचं एकक), ५०० ला ८८३, १००० ला ७६४, १६०० ला ६२२. म्हणजे दर १०० मीटरला साधारण २४ मिल कमी. सोव्हिएत तोफांचा तक्ता वेगळा, हे विसरलं की गोळे आपल्याच माणसांवर पडतात. अंतर नकाशावरच्या चौकोनांवरून काढा, पहिला गोळा टाका, स्क्वाड लीडरकडून दुरुस्ती घ्या, मग मारा सुरू करा. एकाने नेम धरायचा, दुसऱ्याने भरायचं. प्रत्येक गोळ्याला म्युनिशन (टीमच्या सामायिक साठ्यातला दारूगोळा) खर्च होतं, आणि कमांडरला बॉम्बफेकीसाठीही तेच हवं असतं. त्यामुळे तीन तोफा मोकाट सुटल्या की नेमकी हवी तेव्हा बॉम्बफेक मिळत नाही. इंजिनियरने सुरुवातीलाच रिसोर्स नोड (टीमचा हा साठा वाढवणारी बांधकामं) बांधले तर ही ओढाताण बरीच कमी होते. फक्त ते आघाडीपासून दूर, आडबाजूला बांधा, कारण शत्रूच्या रिकॉनची (टेहळणी करणाऱ्यांची) जोडी मागे येऊन आधी तेच शोधते.

टँकशी लढताना रॉकेट समोरून झाडू नका. ट्रॅक तुटला की टँक जागेवर अडकतो, मग मागे जाऊन इंजिनावर मारा. मात्र त्याआधी टँकभोवतीचं पायदळ निपटायला हवं, नाहीतर बझूकावाला दुसरं रॉकेट भरण्याआधीच गार होतो.

शत्रूच्या हद्दीत गॅरिसनला ५० नव्हे, १०० सप्लाय लागतात. म्हणजे सपोर्टची एक पेटी पुरत नाही. दोन स्क्वाडचे दोन सपोर्ट किंवा कमांडरचा एअरड्रॉप हवा. एअरड्रॉपचं विमान सगळ्यांना दिसतं, त्यामुळे पेट्या जमिनीवर टेकल्या की पहिल्या अर्ध्या मिनिटात गॅरिसन लावा आणि तिथून लगेच हला.