आमची वाटचाल : एका भिंतीपुरता रंग

बेळगावच्या शहापुरातलं आमचं रंगाचं दुकान वडिलांनी सुरू केलं तेव्हा गिऱ्हाईक म्हणजे पेंटर. सकाळी येणार, वीस लिटरचा डबा आणि पुट्टीची पोती टेम्पोत टाकणार, उधारीच्या वहीत आकडा चढणार. घरमालकाचं तोंड आम्हाला कधी दिसायचं नाही, घरमालकिणीचं तर नाहीच. घर रंगवायचं ते लग्नाला नाहीतर वास्तुशांतीला, आणि रंगवायचं तर अख्खं.

दुकान माझ्याकडे आलं त्या सुमारास वडगावातल्या मागवाल्या विणकरांच्या घरातून बायका चौकशीला यायला लागल्या. मागणी एकच. "दादा, पुढच्या खोलीतली एवढी एक भिंत करायची हाय. पेंटर एका भिंतीला येईना झालाय." पेंटरचंही चुकत नाही. त्याची दिवसाची मजुरी सुटली पाहिजे, आणि एका भिंतीचं काम त्याचे दोन दिवस मोडतं : आज प्रायमर, उद्या रंग. पण यामुळे मधल्या मधे एक मोठा वर्ग कोरडा राहत होता. हौस आहे, हात आहेत, पैसे बेताचे आहेत, आणि दुकानात गेलं की चार लिटरच्या खाली कोणी बोलत नाही.

आम्ही एका भिंतीचा हिशेब मांडायला घेतला. दहा बाय बाराची भिंत म्हणजे 120 चौरस फूट. साध्या इमल्शनचा एक लिटर एका हाताला शंभर-सव्वाशे फूट जातो, म्हणजे दोन हातांना दोन लिटर. प्रायमर एक लिटर, 120 आणि 220 नंबरचे पॉलिश पेपर, मास्किंग टेप, एक रोलर. घरात जुनं वर्तमानपत्र असतंच. स्वस्तातलं इमल्शन घेतलं तर सगळं मिळून हजाराच्या आत-बाहेर. एवढं सामान एका पिशवीत भरून आम्ही ती काउंटरवर ठेवली. दुकानातल्या पोरांनी तिला 'एक-भिंत पिशवी' म्हणायला सुरुवात केली, तेच नाव टिकलं.

हत्यारं मात्र विकायची नाहीत, भाड्यानं द्यायची, असं ठरवलं. वर्षातून एकदा लागणारी ड्रिल मशीन घेऊन माणूस करणार काय? शिडी, ड्रिल, लेव्हल बाटली, पुट्टीच्या पट्ट्या, सगळं अनामत ठेवून दिवसाच्या भाड्यानं. ड्रिलबरोबर एक सूचना तोंडी देतो, कारण कागदावरची कोणी वाचत नाही : आपल्याकडची जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा मऊ आणि भोकाभोकांचा. सिमेंटच्या भिंतीत बसते तेवढी आखूड गिट्टी (स्क्रू धरणारा प्लग) त्यात धरत नाही. लांब गिट्टी घ्या, दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक पाडू नका, आणि हॅमर बंद ठेवा. शेल्फ पडलं तर भांडी फुटतात, शिवाय दोष रंगवाल्याला लागतो!

पण आमचा धंदा खरा शिकवला तो पावसानं. बेळगावचा पाऊस बाहेरच्याला सांगून कळत नाही, आणि खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबीकडे गेलात तर बेळगावचाही पाऊस कमी वाटायला लागतो. तिकडून येणाऱ्या गिऱ्हाइकाची तक्रार ठरलेली : रंग लावला, दिवाळीपर्यंत भिंत फुगली. आधी आम्हीही इतर दुकानांसारखे वॉटरप्रूफचा डबा पुढे करत होतो, कंपनीचं पत्रक सांगायचं तसं. आता करत नाही. गिऱ्हाइकाला आधी प्लॅस्टिक देतो, फुकट.

फूटभर लांब-रुंद जाड प्लॅस्टिकचा तुकडा भिंतीला लावायचा, चारी बाजूंनी टेप घट्ट मारायची, आणि पुरता एक दिवस ठेवायचा. दुसऱ्या दिवशी बघायचं. थेंब प्लॅस्टिकच्या आतल्या अंगाला असले तर ओल भिंतीतून येतेय. बाहेरच्या अंगाला असले तर ती खोलीतल्या हवेची; खिडकी उघडा, ओले कपडे आत वाळत घालू नका, रंग खुशाल लावा. आतल्या अंगाला असतील तर मग शोध : वर गच्ची गळते का, मागच्या बाजूला मोरी आहे का, पश्चिमेची भिंत आहे का, कारण पाऊस झोडपतो त्याच अंगानं. आणि यातलं काही नसून जमिनीपासून कंबरेएवढ्या उंचीपर्यंत पांढरा लोणा फुटला असेल, तर पाणी खालून चढतंय. जुन्या घरांच्या जोत्यात ओल अडवणारा थर घातलेला नसतो, आणि चिरा पाणी ओढतो. अशा भिंतीवर कितीही भारी रंग चढवा, आतली ओल त्याला ढकलून बाहेर येणार. ऑइलपेंट लावलात तर सोलून पापुद्रे हातात.

अशा भिंतीला आम्ही चुनाच सांगतो. चुन्यातून ओल आरपार निघून जाते, अडकत नाही. विकण्याच्या दृष्टीनं हा सल्ला आतबट्ट्याचा, चुन्यात सुटतं ते किती! पण चुना नेलेला माणूस पुढच्या वर्षी परत येतो, आणि पापुद्रे निघालेला येत नाही. कळीचा चुना विरवताना तो उकळतो, म्हणून लोखंडी पिंपात, पाण्यात थोडा-थोडा टाकत, पोरांना लांब ठेवून आणि डोळ्यांवर चष्मा लावून. रात्रभर मुरू द्यायचा, फडक्यातून गाळायचा, चिमूटभर नीळ आणि अंगाला लागू नये म्हणून थोडा डिंक. भिंत आधी पाण्यानं भिजवून पातळ हात मारायचे. एकच जाड हात मारला की तडे जातात. खाली हातभर गेरूचा पट्टा ओढला की लोणा फुटला तरी तेवढा पट्टा वर्षाला पुन्हा मारता येतो. आमच्या आज्या हेच करत होत्या, फरक इतकाच की त्यांना दुकानात यावं लागत नव्हतं.

त्यामुळे आमचं वर्ष इतरांसारखं चालत नाही. पिशव्या खपतात गुढीपाडव्यापासून वळीव लागेपर्यंत. जूनमध्ये कोणी रंग मागायला आलं तर मी स्वतः सांगतो, गणपतीनंतर या. चिकटवायचे वॉलपेपर ऑनलाइन स्वस्तात मिळतात, लोक विचारतात, पण तळमजल्याच्या भिंतीसाठी आम्ही ते ठेवतच नाही.

नक्षीचं काम सुरू झालं ते इरकलीवरून. एक काकू साडीच्या पदराजवळचं कसूतीचं भरतकाम दाखवून म्हणाल्या, हे भिंतीवर येईल का? कसूतीचा टाका धागे मोजून घालतात. त्यातला गवंती टाका सरळ आणि तिरक्या रेघांचा, मुरगी पायऱ्या-पायऱ्यांनी चढणारा. म्हणजे सगळं चौकटीच्या वहीत बसतं! गोपूर, तुळशी वृंदावन, पालखी, मोर : वहीवर उतरवायचं, एक चौकट एका सेंटिमीटरची धरायची, आणि जुन्या एक्स-रेच्या फिल्मवर कटरनं कापून त्याची स्टेन्सिल करायची. कापताना मधे-मधे बारीक दुवे सोडायचे, नाहीतर मधला तुकडा गळून पडतो. स्पंजवर रंग घेतला की आधी कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करायचा आणि भिंतीवर ठोकायचा, घासायचा नाही. घासला की फिल्मखाली रंग शिरलाच. दाराच्या चौकटीभोवती ही पट्टी फार खुलते. अख्ख्या भिंतीवर कोणी करतो म्हटलं तर मी हात जोडतो. खोलीत बसवत नाही तिथं.

ही स्टेन्सिल मराठी घरांत जेवढी गेली तेवढीच कन्नड घरांत. "अण्णा, स्वल्प बण्णा कोडी" (दादा, थोडा रंग द्या) म्हणत येणाऱ्या अक्का कसूतीतलं आमच्यापेक्षा जास्त जाणतात, आणि नमुना चुकला तर तोंडावर सांगतात. पिशवीतला माहितीचा कागद पहिल्यापासून दोन्ही भाषांत आहे. 2024 मध्ये फलकावर साठ टक्के कन्नडचा नियम आला तेव्हा बोर्ड नव्यानं रंगवला, रंग घरचाच होता. गावात त्यावर बरंच बोललं गेलं. काउंटरवर मात्र गोष्टी ब्रशच्याच होतात.

पडदे हे खरं तर आमच्या दुकानाचं काम नव्हे, पण रंग नेणारी बाई पडद्याचं विचारतेच. जुनी नऊवारी म्हणजे सत्तावीस फूट. साडेसात फुटांचे तीन पडदे निघतात आणि उरलेल्यात उशांचे अभ्रे. काठ आपोआप दोन्ही कडांना उभे येतात. सुती असेल तर आधी धुऊन आटवून घ्या, एवढंच. आम्ही फक्त रॉड आणि रिंगा विकतो.

खानापूरच्या मातीच्या कुंड्याही ठेवतो. तिथली माती आणि कौलं जुनी नावाजलेली, खादी ग्रामोद्योग आयोगाचं कुंभारकामाचं केंद्रही तिथंच आहे. कुंडी रंगवून आत झाड लावलं की महिन्याभरात रंगाला फोड येतात : पुन्हा तेच, आतलं पाणी बाहेर येतंय. रंगवलेल्या कुंडीत प्लॅस्टिकची कुंडी ठेवा आणि झाड त्यात लावा.

पैशाचं थोडक्यात. 2018 च्या जुलैत रंगांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला तेव्हा छोट्या मालाला जरा श्वास मिळाला. 2020 मध्ये टाळेबंदी सैल झाल्यावर घरी बसून भिंतीकडे बघून कंटाळलेली माणसं आली, त्यातली निम्मी टिकली. पेंटर अजूनही आमचे मोठे गिऱ्हाईक आहेत. त्यांना सुरुवातीला वाटलं, हा आपल्या पोटावर उठलाय. आता तेच पिशवीवाल्या घरांतून छताचं आणि बाहेरच्या बाजूचं काम मिळवतात, कारण शिडीवर चढून मान वर करून रंगवायला लागल्यावर घरच्या माणसाची हौस पहिल्या तासातच फिटते.

सध्या मखराची गडबड आहे. 2022 च्या जुलैपासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली आणि बेळगावात गणपतीला घरोघरी मखर लागतंच. आम्ही बांबूच्या कामट्या, पुठ्ठा आणि खणाचं कापड असा संच करून बघतोय. सांगाडा नटबोल्टचा ठेवलाय, म्हणजे विसर्जनानंतर खोलून, मधे फळ्या टाकून तो भिंतीशी पुस्तकांचा मांडणीवजा कप्पा होतो. फळ्या किती जाड ठेवायच्या यावर बायकोचं आणि माझं अजून एकमत व्हायचंय. ती म्हणते पाऊण इंची, मी म्हणतो अर्ध्यावर भागतंय.