प्राण्यांसाठी काम करायचं म्हणून व्हेटर्नरी केलं – माझा अनुभव

बारावीत असताना माझं एवढंच ठरलेलं होतं की काम प्राण्यांसाठीच करायचं, पण ॲनिमल वेल्फेअर, म्हणजे प्राण्यांचं कल्याण, शिकायचं तर नेमकं कुठे जायचं हे कुणालाच सांगता येत नव्हतं, क्लासमध्ये तर एमबीबीएस नाहीतर बीडीएस याच्यापुढे विषयच निघायचा नाही. शेवटी आमच्या तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या मॅडम म्हणाल्या, अगं आधी जनावरांची डॉक्टर हो, मग वेल्फेअर कर, उपचार करायचा अधिकार स्वतःकडे नसला की प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या मागे लागावं लागतं. मला पटलं.

ॲडमिशनचं थोडक्यात सांगते. नीटची परीक्षा द्यावीच लागते. १५ टक्के जागा ऑल इंडिया कोट्यातून भरतात आणि राज्यातल्या बाकीच्या जागांसाठी माफसूचा, म्हणजे नागपूरच्या आपल्या पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा फॉर्म वेगळा भरायचा असतो. नुसतं नीटचं काउन्सेलिंग बघत बसलात तर हा फॉर्म राहून जातो. मेडिकलच्या फेऱ्या चालू असतात तोवर मुलं व्हेटर्नरीची सीट सोडत राहतात, म्हणून पहिल्या यादीत नाव नाही आलं तरी लगेच धीर सोडू नका. मला सातारा जिल्ह्यातलं शिरवळचं व्हेटर्नरी कॉलेज मिळालं. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं.

पहिल्या वर्षी ॲनाटॉमी, फिजिओलॉजी, बायोकेमिस्ट्री, त्यात वेल्फेअर शोधावं लागतं. अख्ख्या कोर्समध्ये त्याचा वाटा छोटाच आहे. १९६० चा क्रूरता प्रतिबंधक कायदा येतो, पाच स्वातंत्र्यं येतात (भूक-तहान, गैरसोय, दुखणं-आजार, भीती यांपासून सुटका आणि नैसर्गिक वागण्याची मोकळीक), परीक्षेपुरतं पाठ करून मुलं मोकळी होतात. मला मात्र त्यामागची एक गोष्ट फार लागली. १९६५ साली ब्रिटनमध्ये ब्रॅम्बेल समितीने मांडलं होतं की पाळलेल्या जनावराला निदान उठता, बसता, वळता, स्वतःचं अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. बस, एवढंच. आणि मग आपण फलटण-बारामतीकडच्या एखाद्या गोठ्यात जातो, एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन, भरपूर दूध देणारी विदेशी जात) गाय आखूड दाव्याला सिमेंटच्या कोब्यावर बांधलेली, तिला यातलं वळताही येत नाही आणि मागचं अंग चाटताही येत नाही.

गाय दिवसातले दहा-बारा तास बसून काढते, तेव्हाच तिला खरा आराम मिळतो आणि रवंथही बराचसा बसूनच होतो. खाली कडक कोबा असला की ती बसायचं टाळते, मग उभी राहून राहून खुरं दुखायला लागतात, मागच्या पायांच्या सांध्यांवर सूज येते. आम्हाला गाय चालताना बघून लंगडण्याला एक ते पाच मार्क द्यायला शिकवलं, पाठ सरळ आहे का कमान झालीये, मान वरखाली हलते का, पाऊल आखूड पडतं का. सुरुवातीला मला सगळ्या गाई सारख्याच दिसायच्या आणि नंतर नंतर रस्त्याने जाणाऱ्या गाईची चालसुद्धा नजर आपोआप तपासायला लागली. कणव आपल्याकडे असतेच हो, नसती तर इकडे आलोच नसतो, पण दुखणं ओळखायला डोळा तयार करावा लागतो आणि कॉलेजने मला सगळ्यात मोठं काय दिलं तर ते हे.

इंटर्नशिपमध्ये गावात खच्चीकरणाला गेलो होतो. पूर्वी गोऱ्हे बडवायचे, म्हणजे अंडकोष ठेचायचे, आता चिमट्याने वरूनच नस दाबतात. त्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ मधून ठरवून दिलेल्या पद्धतीने केलेलं खच्चीकरण वगळलंय, म्हणजे तो गुन्हा नाही, पण म्हणून दुखत नाही असं थोडंच आहे? आमच्या सरांनी आधी लिग्नोकेनने भूल दिली, वेदनेसाठी मेलॉक्सिकॅम दिलं, मगच चिमटा लावला. गोऱ्ह्याचा मालक म्हणाला, "ताई, जित्राबाला कशाला एवढं, दोन मिनटाचं तर काम हाय." मी वाद नाही घातला, त्याला म्हटलं काका, उद्या सकाळी वैरण कशी खातोय ते बघा आणि मला सांगा. दुसऱ्या दिवशी त्यांचाच फोन, रात्री बसून रवंथ करत होता म्हणाले. शेतकऱ्याचं लक्ष असतं, फार बारीक लक्ष असतं, फक्त त्या लक्षाचा दुखण्याशी संबंध कुणी लावून दिलेला नसतो आणि तो लावून देणं मला माझं काम वाटतं.

मेलॉक्सिकॅमच का, तर डायक्लोफेनॅक हे दुसरं वेदनाशामक दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की त्यांची किडनी निकामी होते. जनावरांसाठी डायक्लोफेनॅकवर २००६ मध्ये बंदी आली आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅकवरही. एका जनावराचं दुखणं कमी करताना दुसरा जीव जाऊ नये, हा विचारही वेल्फेअरचाच ना.

कुत्र्यांच्या नसबंदी सेंटरवरही काही दिवस काम केलं. तिथे ऑपरेशन हा अर्धाच भाग. पकडताना कुत्रं किती घाबरलं, पिंजरा कोरडा आहे का, जखमेवर लक्ष कोण ठेवतं आणि शेवटी त्याला जिथून उचललं तिथेच सोडलं का, कारण २०२३ च्या एबीसी (ॲनिमल बर्थ कंट्रोल) नियमांत तसंच आहे. ज्यांना एनजीओत जायचंय त्यांनी शिकत असतानाच अशा ठिकाणी जाऊन रेकॉर्ड कसं ठेवतात ते बघा, केसपेपर, नसबंदी झाल्याची खूण म्हणून कानाला केलेली खाच, लसीची नोंद. इंटरव्ह्यूला मला यावरच जास्त विचारलं.

इंटर्नशिप संपली की राज्य पशुवैद्यक परिषदेत रजिस्ट्रेशन करायचं, त्याशिवाय प्रॅक्टिस नाही. पुढे एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, म्हणजे सरकारी दवाखान्यातला जनावरांचा डॉक्टर, होता येतं, एमव्हीएस्सी ही पुढची पदवी करता येते, डेअरी कंपन्या आहेत, संस्था आहेत. संस्थांमध्ये पगार कमी असतो, घरी हे आधीच नीट बोलून घ्या. मी सध्या एका संस्थेत गाई-बैलांचं काम बघते आणि सोबत एमपीएससीचा अभ्यास करते, कारण सरकारी दवाखान्यात जनावर घेऊन येणारा माणूस रोज भेटतो आणि मुक्त संचार गोठा (जनावर न बांधता मोकळं ठेवायचा) कर, दावं लांब कर, पाणी चोवीस तास ठेव, हे त्याला तिथेच उभ्या उभ्या सांगता येतं. यंदा फॉर्म भरणाऱ्यांनी जातीचा, डोमिसाइलचा दाखला आत्ताच काढून ठेवा, तहसीलला जूनमध्ये प्रचंड गर्दी होते.