व्हरांड्यात बसवलेले प्रवासी

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात दुसरं महायुद्ध चार-पाच पानांत आटपायचं. बाईंनी मात्र त्यात पुस्तकात नसलेली एक बोट आणली. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसले तेव्हा मला आधी तीच आठवली.

'सेंट लुईस' ही ती बोट. मे १९३९ मध्ये ती ९३७ प्रवासी घेऊन हॅम्बुर्गहून क्युबाकडे निघाली. जवळजवळ सगळे ज्यू, नाझी जर्मनीतून जीव मुठीत घेऊन निघालेले. बाईंनी वर्गाचे गट पाडले. एक क्युबाचे अधिकारी, एक अमेरिकेचं सरकार, एक बोटीवरचे प्रवासी. मी प्रवाशांत होते. आम्हाला त्यांनी चक्क बाहेर व्हरांड्यात बसवलं. आत आमच्याबद्दल काय चाललंय ते खिडकीतून तुटक तुटक ऐकू येई. आमच्याच माणसांना कामं नाहीत, यांचा कोटा भरला, यांना घेतलं तर आणखी येतील. आमच्याकडेही सांगण्यासारखं खूप होतं, पण तास संपेपर्यंत आम्हाला कुणी आत बोलावलंच नाही.

मग बाईंनी खरं काय झालं ते सांगितलं. क्युबाने फक्त २८ जणांना उतरू दिलं. अमेरिकेने आणि कॅनडाने दार उघडलं नाही. बोट युरोपला परतली आणि ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम, नेदरलँड्सनी प्रवासी वाटून घेतले. वर्षभरात ब्रिटन सोडून बाकीचे तिन्ही देश हिटलरच्या ताब्यात गेले. त्या प्रवाशांपैकी २५४ जण पुढे नाझींच्या संहारात गेले. याच्या आदल्या वर्षी, १९३८ मध्ये, फ्रान्समधल्या एव्हियाँला ३२ देश याच प्रश्नावर जमले होते. सहानुभूती सगळ्यांनीच दाखवली, जागा मात्र फार थोड्यांनी देऊ केली.

निर्वासितांबद्दल वाचायची सवय मला तिथून लागली. १९५६ मध्ये सोव्हिएत रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरल्यावर सुमारे दोन लाख हंगेरियन देश सोडून पळाले. त्यांच्यासाठी पाश्चात्त्य देशांनी दारं सताड उघडली, कारण कम्युनिस्ट राजवटीतून सुटून आलेला प्रत्येक जण शीतयुद्धात त्यांच्या बाजूचा साक्षीदार ठरत होता. २०२२ मध्ये युक्रेनमधून आलेल्यांना युरोपीय संघाने काही दिवसांतच राहण्याचा, कामाचा, शाळेचा हक्क दिला. फार चांगलं केलं. पण ज्या तरतुदीखाली दिला ती २००१ पासून कागदावर होती. २०१५ मध्ये सीरियातले लोक रबरी होड्यांतून येत होते तेव्हा ती कुणी वापरली नाही. याचा मला आजही संताप येतो.

आणि चित्रांचं काय? सप्टेंबर २०१५ मध्ये अलन कुर्दी या दोन वर्षांच्या मुलाचा तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरचा फोटो आला आणि जग हळहळलं. पुढच्याच महिन्यात स्लोव्हेनियात निर्वासितांच्या लांबच लांब रांगेचा एक फोटो निघाला. जून २०१६ मध्ये, युरोपीय संघात राहायचं की बाहेर पडायचं यावरच्या सार्वमताच्या तोंडावर, ब्रिटनमधल्या एका पक्षाने त्यावर लाल अक्षरांत 'आता कडेलोट' अशा अर्थाचे शब्द छापून पोस्टर केलं. माणसं त्याच प्रवासातली, त्याच होड्यांतून उतरलेली. एकटं मूल दिसलं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं, रांग दिसली तेव्हा भीती वाटली. त्या रांगेतही कुणाच्या तरी कडेवर मूल असेलच, पण ते दिसेल इतक्या जवळ पोस्टर कुणाला जाऊ देत नाही.

असे फोटो आज मुलांच्या फोनवर रोज येऊन पडतात. फोटो कुठला, कधीचा, त्यातली माणसं कशापासून पळाली आणि त्यांचं म्हणणं कुणी विचारलं का, एवढं शोधून काढायला मुलांना नववीतच शिकवा, ही आजच्या शिक्षकांना माझी कळकळीची विनंती आहे. आमच्या बाईंकडे तेव्हा फळा आणि एक जुना नकाशा होता, त्यावर त्यांनी हे करून दाखवलं.