भिंतीपाशी पाणी येऊच नये: न्यू जर्सीतल्या बेसमेंटबद्दल

कोकणातल्या माणसाला बेसमेंट ही कल्पनाच पटत नाही. आपल्याकडे घर बांधताना आधी जोतं उंच घेतात, आणि इथे मध्य न्यू जर्सीत वर्षभर पाऊस-बर्फ असूनही लोक घराखाली सात-आठ फूट खोल मजला बांधतात. माझ्या सासऱ्यांनी आमचं घर पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न हाच होता: जमिनीखाली मजला कशाला? याला कारण आहे थंडी. हिवाळ्यात इथली जमीन तीनेक फुटांपर्यंत गोठू शकते. मातीतल्या पाण्याचं बर्फ झालं की माती फुगते आणि वरचं बांधकाम उचलते. म्हणून पाया त्या खोलीच्या खाली न्यावाच लागतो. एवढं खणायचंच आहे तर आणखी थोडं खणून अख्खा मजला पदरात पाडून घ्यावा, हा हिशेब. बॉयलर, गरम पाण्याची टाकी, वॉशिंग मशीन सगळं तिथेच असतं.

अडचण त्या खणण्यातच दडलेली असते. भिंती उभ्या राहिल्या की त्यांच्या बाहेरची पोकळी उकरलेल्याच मातीने भरतात. ही भरावाची माती मूळच्या घट्ट मातीसारखी कधीच बसत नाही. आमच्या भागातली माती लालसर आणि चिकण. ती पाणी पटकन पुढे सोडत नाही, त्यामुळे घराभोवतीच्या सैल भरावात पाणी साचून राहतं आणि त्याचा दाब भिंतीवर आणि फरशीखाली वाढत जातो. काँक्रीट कितीही जाड असलं तरी पाण्याला भेग सापडतेच. बहुतेक वेळा ते भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या सांध्यातून येतं, कारण तिथे दोन वेगवेगळ्या वेळी ओतलेली काँक्रीटं नुसती एकमेकांना टेकलेली असतात.

आमच्याकडे सुरुवात पांढऱ्या भुकटीने झाली. भिंतीच्या तळाशी मिठासारखा थर दिसायचा. बुरशी वाटते, पण ती नसते. काँक्रीटमधले क्षार पाण्यासोबत बाहेर येतात, पाणी उडून जातं आणि क्षार मागे राहतात. म्हणजे भिंतीतून पाणी येतंय याची ती खूणच. शंका असेल तर एक सोपी परीक्षा आहे. अॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवायचा आणि दोनेक दिवसांनी पाहायचा. खोलीकडच्या बाजूला थेंब आले तर ती हवेतली आर्द्रता, तिला डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला ओलावा काढून घेणारं यंत्र, पुरतो. भिंतीकडच्या बाजूला ओल असेल तर पाणी बाहेरून येतंय.

मग कंत्राटदार येऊन गेले. एकाने भिंतीला आतून वॉटरप्रूफ रंग सुचवला. गच्चीवर आपण ब्रिकबॅट कोबा करतो तो पाणी ज्या बाजूने येतं त्या बाजूला असतो, म्हणून तो टिकतो. बेसमेंटमध्ये आतून लावलेला रंग चुकीच्या बाजूला असतो. पाणी मागून दाबतं आणि रंगाला फोड येतात. नुसत्या दमटपणाला तो ठीक आहे, दाबाने येणाऱ्या पाण्याला नाही. दुसऱ्याने संपूर्ण घराभोवती आतून चर खणायचा प्रस्ताव दिला, खर्च हजारो डॉलरांत. घराबाहेर चक्कर मारायची मात्र दोघांपैकी एकालाही गरज वाटली नाही.

ती चक्कर आम्ही भर पावसात मारली, आणि माझा सगळ्यांना आग्रह आहे की आधी हेच करा. पन्हळीचे पाइप पाणी थेट पायाशी सोडत होते. हजार चौरस फुटांच्या छपरावर एक इंच पाऊस पडला की सुमारे २३५० लिटर पाणी जमतं. गच्चीवरच्या हजार लिटरच्या दोन टाक्या भिंतीलगत उपड्या कराव्यात, तसं हे. पाइपांना जोड देऊन ते आठ-दहा फूट लांब नेले. भिंतीलगतची खचलेली माती भरून घेतली. पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार हवा, हा इथल्या बांधकाम संहितेचाच नियम आहे. बेसमेंटच्या खिडक्यांसमोर बाहेर उजेडासाठी जे खड्डे असतात त्यांवर पारदर्शक झाकणं बसवली. ओक आणि मेपलची पानं पन्हळीत कुजून बसतात, म्हणून पानगळ संपल्यावर ती साफ करणं हे आता दरवर्षीचं काम. एवढ्याने बहुतेक ओल गेली.

एका कोपऱ्यात मात्र वसंतात बर्फ वितळताना भूजलच वर येतं. तिथे बाहेरचे उपाय चालत नाहीत. तेवढ्या बाजूला भिंतीलगतची फरशी फोडली, खडीत छिद्रांचा पाइप टाकला आणि तो 'संप पंप' म्हणजे साचलेलं पाणी उपसणारा पंप ज्या खड्ड्यात असतो त्याकडे उतरवला. पाणी चढलं की तरंगता खटका वर उचलला जातो, पंप सुरू होतो आणि पाणी अंगणात दूर फेकतो. ते सांडपाण्याच्या गटारात सोडायला बहुतेक गावांत मनाई आहे. पंपासोबत बॅटरीवर चालणारा दुसरा पंप हवाच, कारण वादळात वीज जाते आणि नेमका तेव्हाच पंप लागतो. खड्ड्याला हवाबंद झाकणही हवं, कारण जमिनीतून येणारा रेडॉन हा किरणोत्सारी वायू याच वाटेने घरात शिरतो.

यापलीकडचं एक मला मनापासून सांगायचं आहे. १ सप्टेंबर २०२१ ला आयडा चक्रीवादळाचे अवशेष इथून गेले तेव्हा नेवार्कमध्ये एका दिवसात आठ इंचांहून जास्त पाऊस झाला. न्यूयॉर्क शहरात त्या रात्री १३ माणसं गेली, त्यांतली ११ तळघरातल्या घरांत. तसं पाणी आलं तर पन्हळ, उतार, पंप काहीही पुरत नाही. भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतात तेव्हा त्यांची सोय अनेक घरांत बेसमेंटमध्ये होते. खोली छान सजवलेली असते, न्हाणीघरही असतं. पण बाहेर पडता येईल अशी खिडकी आहे का? संहितेप्रमाणे तिचं उघडं क्षेत्र साधारण ५.७ चौरस फूट हवं आणि खालची कड फरशीपासून ४४ इंचांपेक्षा उंच नको. गुडघे दुखणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तेवढंही चढणं अवघड आहे. पुराचा इशारा असेल त्या रात्री त्यांची अंथरुणं वर घ्या. हॉलमध्ये दाटीवाटीने झोपावं लागलं तरी चालेल.

विम्याचंही पाहून घ्या. घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचं पाणी धरत नाहीत. पंप बंद पडून किंवा गटार तुंबून पाणी आलं तर त्यासाठी वेगळं कलम जोडून घ्यावं लागतं. सरकारी पूरविमा १९६८ पासून आहे, पण त्यातही बेसमेंटमधला बॉयलर धरतात, तिथला गालिचा आणि सोफा नाही. शिवाय नवी पॉलिसी साधारणपणे ३० दिवसांनी लागू होते. चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो, तेव्हा अर्ज एप्रिलमध्येच करा.